न आलेली लस आणि वेगळं ताट

मामा, आज बुधवार. सकाळी परभणीहून लशीचा डबा आला. मी झाकण उघडलं, बर्फाच्या पिशव्या बाजूला केल्या आणि उगाच दाराकडे पाहिलं. तुम्ही दारात चपला काढत नव्हतात. रिटायर होऊन चार वर्षं झाली तुम्हाला, पण एक बुधवार चुकवला असेल तर शपथ. धोतराचा सोगा हातात धरून आत यायचं, बाकावर बसायचं आणि लेकरांची रडारड सुरू व्हायच्या आत मला विचारायचं, "काय सिस्टर, त्याची आली का?" मी म्हणायचं, "नाही मामा. घटसर्पाचीच आहे, गोवराचीच आहे. त्याची नाही आली." मग तुमचं ठरलेलं, "यायलीय, यायलीय. पेपरात हाय." किती वैतागायचे मी! आज कुणी विचारलं नाही, तर डबा बंद करताना माझ्याच तोंडून निघून गेलं, यायलीय. समोरची बाळंतीण माझ्याकडे बघतच राहिली.

तुम्ही गेलात त्याला दीड महिना झाला. शाळेत शोकसभा झाली. 'देवी डॉक्टर गेले' म्हणून लोक ताडकळसच्या बाजारातून सायकली वळवून आले. सरपंच बोलले, गुरुजी बोलले. मारोतरावांनी पायी हिंडून देवीचा रोग घालवला, त्यांचा हात लागला नाही असा दंड पंचक्रोशीत नाही, वगैरे. खरंच आहे ते. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. चार गावं करून आले होते, पाय ठणकत होते आणि मनात म्हणत होते, उरका आता. कारण शेवटचं दीड वर्ष तुम्ही ज्याच्यासाठी झुरत होतात त्याचं नाव तिथं कुणी घेणार नव्हतं. तुम्हीही कधी घेतलं नाहीत. 'ती बया' म्हणायचात. मी घेते. एड्स. तुमच्या बालाजीला त्याची लागण होती आणि ते गावात तीनच माणसांना माहीत होतं. तुम्हाला, त्याला आणि मला. जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं ती त्याची बायको, तुमची सून कुशावर्ता, तिला कुणी सांगत नव्हतं. आपलं भांडण तेवढंच होतं. दीड वर्ष एकच भांडण, मामा. माणूस थकतो हो.

हे लिहू का म्हणून त्या दोघांना विचारलंय. बालाजीनं नुसती मान हलवली. कुशावर्ता म्हणाली, "ल्हा. समदं ल्हा."

तुमच्याशी भांडायचा हक्क मला कुठून आला, ते आधी सांगायला पाहिजे. अठ्ठ्याहत्तर साल. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या जयभीमवाल्यांच्या वस्त्या जळायल्यात, माणसं गावं सोडायलीत, अशा खबरा रोज यायच्या. एके दुपारी घरमालकानं माझी पत्र्याची पेटी अंगणात आणून ठेवली. "बाई, आमच्यावर येईल," म्हणाला. मी पेटीवर बसून राहिले. जाणार कुठं? तेवढ्यात तुम्ही सायकल घेऊन आलात. पेटी कॅरियरला बांधली आणि चावडीसमोरून, भर गावातून, सायकल हातात धरून चालायला लागलात. मी मागं. मला वाटलं, एस्टी स्टँडवर नेऊन सोडणार. तुम्ही मला स्वतःच्या घरी नेलंत.

तुमच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो धुऊन गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायचा, हे त्यांनी मला हातानंच दाखवलं. मला त्यात नवीन काही नव्हतं. अकरा दिवस मी त्या कपात चहा प्यायले आणि अकरा दिवस तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस आज बोलेल, उद्या बोलेल. तुम्ही बोलला नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही उठून गोठ्यात गेलात, कोनाड्यातला कप आणलात, काकूंच्या पुढ्यात धरलात आणि म्हणालात, "घाल." काकूंनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ओतला. तुम्ही फुर्र करून प्यालात, कप विसळलात आणि चुलीजवळ बाकीच्या कपांत ठेवून दिलात. त्या घरात तो पुन्हा कधी वेगळा निघाला नाही. काकू जाईपर्यंत नाही. मला मात्र तेव्हाही रागच आला होता. अकरा दिवस कशाला लागले? मी तसं विचारलंही. तुम्ही म्हणालात, "सिस्टर, हवा थंड होऊ द्यावी लागती." तुमचं सगळं असंच.

कुशावर्ता तुमच्या घरात आली तीही तुमच्या टोचणीच्या खुणेवरून. राणीसावरगावला मुलगी बघायला मलाही घेऊन गेला होतात. पोरगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली, पदर जरा सरकला आणि तुम्ही पोहे सोडून तिच्या डाव्या दंडाकडे बघत बसलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीचा बाप चुळबुळायला लागला. तुम्ही एकदम म्हणालात, "ही तं मपलीच पोर हाय! मपल्या हातची टोचनी हाय ही. एकाखाली एक, दोन." तिची आई पदराआडून हसली. दोन वर्षांची असताना ही कणगीमागं लपली होती म्हणे आणि तुम्ही ओढून काढून टोचलं होतं. झालं, सोयरीक जमली. घरी येताना बसमध्ये तुम्ही मला म्हणालात, "एकदा टोचलेलं मानूस आपल्या जिम्मेदारीचं असतं."

त्याच जिम्मेदारीवरून मग आपलं वाजलं.

बालाजी ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. चुलत्याच्या ऑपरेशनला रक्त द्यायला म्हणून परभणीला गेला, तर रक्त घेतलं नाही. पुन्हा तपासलं, तेच आलं. हे त्यानं स्वतः घरी येऊन, ओट्यावर बसून, तुम्हाला सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्याच्या बाजूनं एवढं मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सेंटरला आलात, तेही बुधवार नसताना. दारातूनच विचारलंत, "सिस्टर, ह्या बयेची लस कवा येनार?" मला वाटलं, पेपर वाचून आलेत. म्हणून हसून म्हटलं, "तुम्हाला कशाला हवी आता या वयात?" तुम्ही बाकावर बसलात आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागलात. ते हसणं मला अजून टोचतं, मामा.

त्या आठवड्यापासून पत्रं सुरू झाली. अक्षर माझं, मजकूर तुमचा. 'मी निवृत्त लसटोचक. वय बासष्ट. दमा नाही, बीपी नाही. आपण ज्या रोगाच्या लशीचा शोध करीत आहात तिची परीक्षा माझ्या अंगावर करावी. बरेवाईट झाल्यास माझी व माझ्या वारसांची तक्रार राहणार नाही.' मी लिहिता लिहिता थांबले. म्हटलं, वारस म्हणजे बालाजीच ना? तुम्ही म्हणालात, "ल्हा तुमी." एक पुण्याला गेलं, एक मुंबईला, एक दिल्लीला. मी चिडवायचे, अहो, त्यांना तरणीताठी माणसं लागतात, तुमच्या म्हाताऱ्या हाडात लस शिरणार तरी कुठून? "हाड कामून, दंड बगा की," म्हणून तुम्ही बंडीची बाही वर करायचात. एका ठिकाणाहून उत्तर आलं. दोन ओळी. पत्राबद्दल आभार, अशी चाचणी सध्या आपल्याकडे होत नाही. तुम्ही ते पत्र देवीच्या सुईच्या डबीत घडी घालून ठेवलंत. देवी संपल्यावर सगळं सामान जमा करायचं होतं, त्यातली एक दोन टोकांची सुई तुम्ही ठेवून घेतली होती. आठवणीला, म्हणायचात.

आपल्या तरुण डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला एकदा नीट बसवून समजावलं. ही लस इतकी अवघड का, ते केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. हा विषाणू सारखा रूप बदलतो. एका रूपाला ओळखायला शिकवावं, तोवर दुसरं. आणि अंगातल्या ज्या पेशी राखणदारी करतात त्यांच्यातच घुसून बसतो. जगभरातले हुशार लोक लागलेत, पण कधी होईल सांगता येत नाही. तुम्ही चित्राकडे बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "मंग हा चोर चौकीतच झोपायलाय की साहेब!" डॉक्टर हसले. तुम्ही नाही हसलात. "देवी इमानदार व्हती," म्हणालात. "आली की अंगावर दिसायची. ही लपून बसती."

घरी जाताना मात्र तुम्ही मला म्हणालात, "अवघड हाय म्हनले, व्हनार न्हाई असं न्हाई म्हनले." मी कपाळावर हात मारला. अहो मामा, तोवर? तोवर त्या पोरीचं काय? तिला सांगा. तिचं रक्त तपासू. मी ट्रेनिंगमधून माहिती उतरवून आणली होती, माझ्या अक्षरात दोन पानं, रोग कशानं होतो, कशानं होत नाही, निरोध कसा वापरायचा. ती मी तुमच्या हातात दिली. तुम्ही वाचली आणि कानापर्यंत लाल झालात. "हे सुनंला वाचून दाखवू व्हय म्या?" तुमचंही खरं होतं म्हणा. ज्या सासऱ्यासमोर सून खाली बसत नाही, त्यानं तिला काय सांगायचं? बालाजीशी मी स्वतः बोलले. त्यानं मान खाली घातली. "सिस्टर, कळलं की जाईल ती," म्हणाला. निरोधचं पाकीट त्यानं घेतलं, वापरलं की फेकलं, देव जाणे.

मग मीच का नाही सांगितलं? मी भ्याले. गावात पुन्हा कुणी माझी पेटी अंगणात आणून ठेवेल म्हणून भ्याले. चांगल्या घराची सून फितवली म्हणतील म्हणून भ्याले. आणि तुम्ही हात जोडले होतेत. तुम्ही हात जोडल्यावर मी काय करणार होते?

त्यानंतर ते ताट आलं. बालाजी ट्रकवरून आला की त्याचं जेवण ओसरीच्या टोकाला, वेगळ्या ताटात, वेगळ्या तांब्यात. कुशावर्ता मला म्हणाली, "कावीळ झालीय न्हवं. मामंजी म्हनले, पथ्य पाळायचं." मी तुमच्या घराच्या ओट्यावर उभी होते, मामा, आणि मला ते ताट दिसलं. घासून पालथं घातलेलं, गोठ्याच्या कोनाड्यात. त्याच कोनाड्यात! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सेंटरात मी तुम्हाला काय काय बोलले. ताटानं हा रोग होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या कागदावर पहिल्या ओळीत आहे. जन्मभर लोकांना शहाणं केलंत आणि स्वतःच्या पोराला गोठ्याच्या कडेला जेवायला घालता? काकूंपेक्षा वाईट निघालात तुम्ही, असंही मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुमी कामून चिडायलाव? देवीत असंच असायचं सिस्टर. झालेल्याला बाजूला ठिवायचं, भवतालच्याला टोचायचं. देवी अशीच घालवली आमी." मी म्हटलं, "टोचायला काय आहे तुमच्याकडे? अर्धीच पद्धत करता का?" तुम्ही म्हणालात, "अर्धी तं अर्धी. बाकीची यायलीय."

म्हातारपणी भ्रमिष्ट झालात, असं मी तेव्हा धरून चालले. महिनाभर तुमच्याशी नीट बोललेही नाही. बुधवारी तुम्ही विचारायचात, त्याची आली का, आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

कावीळ सहा महिने चालली. मग 'उलटली'. मग कुशावर्तेच्या आईचे गुडघे धरले, मग नागपंचमी, मग दिवाळी, आणि दर खेपेला पोरगी राणीसावरगावला माहेरी. गावात कुजबुज सुरू झाली, मारोतरावाला सून जड झाली. दिवाळीनंतर बालाजीनं हट्ट धरला, कावीळ बरी झाली, आता आणा तिला. तुमच्याकडची कारणं संपली. त्या मंगळवारी तुम्ही मला सांगायला आलात की उद्या कुशावर्तेला आणायला जातो. मी डब्याच्या नोंदी करत होते, मान वर न करताच म्हणाले, "जा. आणा आणि द्या त्याच्या गळ्यात बांधून. पण आधी तिला सांगा. नाही सांगितलंत तर या दारात पाऊल टाकू नका." "बरं," म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं ते.

दुसरा दिवस बुधवार होता आणि तुम्ही खरंच आला नाहीत.

गंगाखेडला गाडी रिकामी झाली तरी तुम्ही उठला नाहीत. कंडक्टरला वाटलं, म्हातारबाबांना झोप लागली. खिडकीला डोकं टेकलेलं होतं. बालाजीबरोबर मी आले तुम्हाला न्यायला. तुमची पिशवी माझ्याकडे दिली. सुनेला आणायला जाताना तुम्ही नेहमी पेढ्यांचा पुडा न्यायचात, विहिणीला पातळ न्यायचात. पिशवीत पेढे नव्हते. पातळ नव्हतं. पंचा होता, सुईची डबी होती आणि माझ्या अक्षरातली ती दोन पानं होती, चौपदरी घडी घातलेली.

ती तुम्ही तिला देणार होतात का हो? की माझ्या धाकानं सोबत घेतलीत आणि तशीच परत आणणार होतात? दीड महिना मी हेच उलटसुलट करतेय. कधी वाटतं, दिलीच असती. कधी वाटतं, नसती दिली, विहिणीच्या हातचा चहा पिऊन, सुनेला घेऊन, हवा थंड होऊ द्या म्हणत परत आला असतात. मला तुम्ही माहीत आहात, म्हणूनच खात्री देता येत नाही.

तेराव्यानंतरच्या बुधवारी मी कुशावर्तेला सेंटरला बोलावलं. लेकरांची रांग संपली, दार लोटलं आणि सांगितलं. घोळवून घोळवून नाही, सरळ. ती खाली जमिनीवर बसली. रडली नाही. बराच वेळ फरशीवरून बोट फिरवत होती. मग वर बघून विचारलं, "सिस्टर, ह्याला लस न्हाई का?"

"नाही," मी म्हणाले.

"मामंजी तं म्हनायचे, यायलीय."

"यायलीय ती, कुशा. पण आली नाही अजून."

मग तिनं जे सांगितलं ते, मामा, मला कधी सुचलंच नव्हतं. म्हणाली, कावीळ झाली तेव्हा तुम्ही ओसरीवर उभं राहून, तिच्याकडे पाठ करून, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला होतात, "ह्याचं ताट येगळं, तांब्या येगळा, टावेल येगळा, आंथरून येगळं, कंगवा येगळा. सहा महिने." एवढ्या सगळ्यात मधोमध तो एक शब्द. आणि रात्री अंगणातल्या बाजेवर तुम्ही पडायचात ते बरोबर तिच्या खोलीच्या दाराला आडवी बाज टाकून. "मला राग यायचा सिस्टर," कुशावर्ता म्हणाली, "म्हनलं, कावीळ काय इतकी असती व्हय. हे बी म्हनायचे, काय म्हातारं येड्यावानी करायलंय. पन मामंजीच्या फुडं कोन बोलनार?"

सासऱ्याला सुनेपुढं अंथरूण हा शब्द एकटा उच्चारता येत नव्हता, म्हणून तुम्ही त्याच्या आजूबाजूला अख्खा संसार वेगळा मांडलात. आणि मी ताटाकडे बघत बसले! मला ताटच दिसलं, कारण मी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायले होते. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर? "काकूंपेक्षा वाईट" हे ऐकून घेतलंत, महिनाभर माझं तोंड फिरवणं सोसलंत, पण बोलला नाहीत. काय माणूस म्हणावं तुम्हाला? पण मामा, माफ केलं असं समजू नका. ओसरीच्या टोकाला दीड वर्ष एकट्यानं जेवला तो तुमचा मुलगाच होता. त्याच्याजवळ बसून एकदा तरी जेवायचं होतंत. आणि आपलं रक्त कसं आहे हे त्या पोरीला विचारायचा हक्क होता. तुम्ही तिला राखलंत, पण तिला विचारलं नाहीत.

मी म्हटलं, तपासायचं का? तिनं पदर मागं घेऊन डावा हात पुढं केला. दंडावर तुमचे ते दोन गोल वण, एकाखाली एक. मी त्याच्या खाली पट्टी बांधली. माझ्या हातानं किती सुया टोचल्या असतील आजवर, पण त्या दिवशी शीर सापडायला दोनदा बघावं लागलं.

नमुना औरंगाबादला गेला. कागद यायला वेळ लागतो. तेवढ्यात संक्रांत आली आणि नामांतर झालं. आमच्या वस्तीत गुलाल उधळला, पोरं ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. पूर्ण नाव बदललं नाही, वाढवलं, म्हणून काही जण रुसलेही. मी दारात उभी होते आणि मला तुमचा आवाज ऐकू यायला लागला, "बगा सिस्टर, आलं का न्हाई? म्या म्हनलो न्हवतो?" सोळा वर्षं, मामा! सोळा वर्षांत किती घरं जळाली, किती माणसं गेली, ते धरायचं नाही का? वाट बघितली म्हणून नाही आलं, मागत राहिले म्हणून आलं. हे तुम्हाला सांगायचं होतं. भांडायला तुम्ही हवे होतात. गुलाल माझ्याही कपाळाला लागला, पण खरं सांगते, मी आत जाऊन नुसती पडून राहिले. आनंद व्हायलाही अंगात जीव लागतो.

परवा कागद आला. लिफाफा फोडायच्या आधी मी हात धुतले, का ते माहीत नाही. वाचला. परत वाचला. डॉक्टरसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, चांगला आहे, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बघू, तोवर जपायचं. मी कागद हातात धरून निघाले ती चालतच सुटले. पाय दुखत होते त्याची शुद्ध नव्हती. चावडी ओलांडली, मारुतीचं देऊळ ओलांडलं आणि तुमच्या ओट्यासमोर येऊन तोंड उघडलं, मामा, म्हणायला. ओट्यावर तुम्ही नव्हतात. पेपर नव्हता. एक कोंबडी बसली होती.

तेव्हा मात्र मी रडले. रागानं रडले. या कागदाला एक सुई आणि महिनाभर वाट, एवढंच लागलं. हे गेल्या वर्षी झालं असतं. तुम्ही हा कागद हातात घेतला असतात, डोळ्याजवळ धरून वाचला असतात, डबीत त्या दोन ओळींच्या पत्राशेजारी घडी करून ठेवला असतात आणि एक रात्र तरी बाज दारासमोरून काढून निवांत झोपला असतात. तुम्हाला कळलंच नाही. ज्याला घाबरत होतात ते झालं नव्हतं आणि तुम्ही घाबरतच गेलात.

कुशावर्ता बाहेर आली. माझं तोंड बघून तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, नाही गं, नाही, चांगला आहे, तुला काही नाही. ती दाराला धरून उभी राहिली. आत बालाजी जेवत होता. चुलीजवळ, सगळ्यांच्या ताटासारख्या ताटात. तिनंच ते कोनाड्यातून आणलं होतं. अंथरूण मात्र वेगळंच आहे, आणि आता ते का वेगळं आहे ते तिला माहीत आहे. मी हळू आवाजात, शेजारपाजारला जाऊ नये असं, कागद वाचायला लागले. तिनं मला थांबवलं. रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

"जरा मोठ्यानं वाचा, सिस्टर," म्हणाली.

मी मोठ्यानं वाचलं. रोगाच्या नावासकट.